हॉटेलात सोयी मिळाल्या नाहीत, तर भरपाई किती आणि कशी मागायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही चौघं नाशिकहून तारकर्लीला गेलात. ट्रॅव्हल साइटवरून एका रिसॉर्टमधली एसी खोली तीन रात्रींसाठी घेतलीत. रात्रीचे ६,५०० रुपये, ५ टक्के जीएसटी धरून एकूण २०,४७५ रुपये, आणि तेही आधीच भरलेले. एसी पहिल्या रात्रीपासून नुसता वारा देत होता. जाहिरातीत दिसणारा स्विमिंग पूल तिन्ही दिवस कोरडा. दुसऱ्या रात्री पंप जळाला आणि अकरा वाजल्यापासून सकाळपर्यंत नळाला पाणी नव्हतं. काउंटरवर सांगितलं तर ‘सीझन आहे, सगळं फुल्ल आहे, बघतो’ एवढंच उत्तर. निघताना तुम्ही बिलावर सही केलीत. आता मॅनेजर म्हणतो, ‘तीन दिवस राहिलात ना, मग कसले पैसे?’ आणि तुमचे मेहुणे म्हणतात, पूर्ण रक्कम परत मागा, वर मनस्तापाचे एक लाख मागा. यातलं रास्त काय, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये होतो, त्यातली पुष्कळशी ड्यूटी मॅनेजर म्हणून. आता एका ग्राहक संघटनेच्या मार्गदर्शन केंद्रात लोकांना तक्रारी लिहून द्यायला मदत करतो. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हे प्रकरण कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, आणि तुमच्या बाबतीत मला शंका नाही: भरपाई तुम्हाला मिळायलाच हवी. पैसे घेऊन कबूल केलेली सोय दिली नाही, तर ती कायद्याच्या भाषेत सेवेतली त्रुटी ठरते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये हे स्पष्ट आहे. सीझन होता, गर्दी होती, ही कारणं त्यात बसत नाहीत. उलट सीझन म्हणून तर त्यांनी तुमच्याकडून ६,५०० घेतले.

घोडं पेंड खातं ते रकमेपाशी. पूर्ण पैसे मागितले की समोरचा लगेच म्हणतो, राहिलात की, नाश्ता केलात की, अंथरूण-पांघरूण वापरलंत की. आणि त्याचं ते म्हणणं खरं असतं. तीन रात्री तुम्ही त्या खोलीत झोपलात, त्याची काहीतरी किंमत आहेच. तुमचा आकडा अवाजवी दिसला की तुमची खरी तक्रारही अवाजवी वाटू लागते. माझ्याकडे हॉटेलात असताना जी पत्रं यायची, त्यातल्या ‘पूर्ण परतावा आणि जबर नुकसानभरपाई’वाल्या पत्रांना ठरलेलं दिलगिरीचं उत्तर जायचं. ज्या पत्रात आकडा आणि त्याच्या शेजारी हिशेब असायचा, ते मात्र मला वर मालकाकडे न्यावंच लागायचं, कारण त्यावर ‘नाही’ म्हणायला मला कारण सापडत नसे.

तेव्हा आधी हिशेब. एसीचं मोल ठरवायला दुसरीकडे जायची गरज नाही, त्या रिसॉर्टनेच ते ठरवलेलं आहे. तुम्ही लिहिलंय की त्याच तारखांना, त्याच साइटवर, त्यांची बिनएसी खोली ४,२०० ला दिसत होती. म्हणजे एसीसाठी ते रात्रीला २,३०० रुपये जास्त घेतात. तुम्हाला तीन रात्री मिळाली ती प्रत्यक्षात बिनएसी खोली. फरक ६,९०० रुपये. हा आकडा त्यांच्याच दरपत्रकातून आलाय, त्यामुळे त्यावर वाद घालणं त्यांना अवघड जाईल. ऑक्टोबरच्या उकाड्यात, किनाऱ्यावर, खिडक्या उघडाव्यात तर डास, अशा वेळी एसी ही चैन नव्हती हे एका वाक्यात जरूर लिहा, पण आकडा फरकाचाच ठेवा.

पाणी नसलेल्या रात्रीचं गणित वेगळं. त्या रात्रीचा एसीचा फरक आपण आधीच धरला, तर उरले ४,२००. चार माणसं, त्यात दोन लहान मुलं, आणि संडासात पाणी नाही. राहण्याची खोली म्हणून तिची निम्मी किंमतही उरली नव्हती असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही, पण मागताना मी निम्मी धरतो, कारण झोपायला जागा मिळाली होती. ते झाले २,१००. पूलसाठी तुम्हीच एक उपयोगी गोष्ट सांगितलीत: गेटवरच्या पाटीवर बाहेरच्यांसाठी पूलचे माणशी २०० रुपये लिहिलेले होते. पोहणारी तुमची दोन मुलं, तीन दिवस, म्हणजे १,२००. चौघांचे लावू नका. आई-वडील पाण्यात उतरणार नव्हतेच हे समोरच्याला कळतं.

बेरीज १०,२०० रुपये. त्यावर तुम्ही भरलेला ५ टक्के जीएसटी ५१० रुपये. रात्री बाहेरून आणलेल्या पाण्याच्या जारचे २४० रुपये, त्याची पावती तुमच्याकडे आहे. एकूण १०,९५० रुपये. भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून थोडे जास्त. मला हा आकडा रास्त वाटतो. तडजोडीत ते आठ-साडेआठ हजारांवर आले आणि लगेच देत असतील, तर मी घ्या म्हणेन. तीन-चार हजारांवर तोंडाला पानं पुसत असतील, तर घेऊ नका.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगायला हवं. तुम्हाला त्यांनी दुसरी खोली देऊ केली होती का? तुम्ही लिहिलेलं नाही. दिली असेल आणि तुम्ही ‘राहू दे, सामान हलवायचा कंटाळा’ म्हणून नाकारली असेल, तर एसीचा दावा त्या रात्रीपासून पुढे दुबळा होतो. पण ती खोली भटारखान्याला लागून होती किंवा चौघांना पुरणारी नव्हती म्हणून नाकारली असेल, तर तसं स्पष्ट लिहा. तसंच बुकिंगच्या पानावर ‘पूल दुरुस्तीसाठी बंद’ अशी सूचना आधीपासून होती का ते तपासा. असेल तर १,२०० रुपये हिशेबातून काढून टाका. वादळामुळे गावाचीच वीज गेली असती, तर एसीबद्दल मी इतका आग्रह धरला नसता. पण रिसॉर्टचा स्वतःचा पंप जळणं हा त्यांच्या देखभालीचा भाग आहे. सुट्टीत खोल्या भरलेल्या असताना दुसरा पंप किंवा निदान टँकरची सोय ठेवणं त्यांच्याच हातात होतं.

सगळ्यात मोठा प्रश्न हा की तुम्ही तेव्हा तक्रार केलीत याचा पुरावा काय. हॉटेलात तोंडी तक्रारीचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. काउंटरवर उभा असलेला मुलगा मेंटेनन्सला फोन करतो, तिकडून ‘येतो’ असं उत्तर येतं, तेवढ्यात पाळी बदलते. नव्या पाळीच्या माणसाला त्यातलं काहीच माहीत नसतं. लॉगबुकात नोंद झाली तरच सकाळी मॅनेजर ती वाचतो. आणि पैशाची सवलत, ज्याला हॉटेलात अलाउन्स म्हणतात, ती बिलातून वजा करायचा अधिकार काउंटरवरच्या मुलाला नसतोच. तो ड्यूटी मॅनेजरला एका मर्यादेपर्यंत असतो, त्याच्या वर मालकाला. लहान रिसॉर्टमध्ये थेट मालकालाच. म्हणून तुम्ही तीन दिवसांत अनेकदा सांगितलंत तरी ज्याच्या हातात काही होतं, त्याच्यापर्यंत ते पोचलंच नसेल अशी शक्यता आहे.

तुमचं नशीब की दुसऱ्या रात्री तुम्ही रिसॉर्टच्या नंबरवर व्हॉट्सअॅप केलं होतं: ‘पाणी नाही, एसी पण कालपासून बंद आहे, मुलं झोपत नाहीत.’ आणि त्यांनी सकाळी उत्तर दिलं, ‘सॉरी सर, पंप रिपेअर चालू आहे.’ हा एकच संदेश तुमच्या पूर्ण प्रकरणाचा कणा आहे. त्यात वेळ आहे, तक्रार आहे, आणि त्यांची कबुलीही आहे. मॅनेजरच्या ‘राहिलात ना’ला हेच उत्तर: राहिलो, कारण दिवाळीत रात्री अकरा वाजता दोन मुलांना घेऊन दुसरी खोली शोधणं शक्य नव्हतं, आणि राहत असतानाच तक्रार केली होती. गप्प राहिला असतात तर गोष्ट वेगळी.

बिलावरच्या सहीची फार धास्ती घेऊ नका. ती सही हिशेब मिळाला याची असते. ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ असं वेगळं लिहून दिलं असतंत तर ते आड आलं असतं. हॉटेलांच्या पाट्यांवर आणि चिठ्ठ्यांवर ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ असं छापलेलं असतं, त्याचंही तेच. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या आवारातून, हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगसाठी दिलेली गाडी चोरीला गेली होती. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की एवढ्यावर हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी झटकता येत नाही. प्रकरण गाडीचं होतं, पण छापील ओळीमागे लपणाऱ्यांना दाखवायला ते चांगलं आहे.

पुढे काय करायचं ते क्रमाने सांगतो. पहिलं पत्र रिसॉर्टला आणि त्याच वेळी ट्रॅव्हल साइटला, दोघांना एकाच ईमेलवर. पैसे साइटने घेतले, सेवा रिसॉर्टने द्यायची होती, त्यामुळे दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. एकाच पत्रात दोघं असले की ते जमत नाही. साइट म्हणेल, ‘आम्ही फक्त मध्यस्थ.’ पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. कस्टमर केअरच्या चॅटवर वेळ घालवण्यापेक्षा या अधिकाऱ्याचा ईमेल शोधा. तो बहुधा पानाच्या अगदी तळाशी असतो.

पत्र लांबलचक नको. मी असं लिहून देतो:

‘बुकिंग क्रमांक अमुक, मुक्काम अमुक ते अमुक. आम्ही एसी खोली, स्विमिंग पूल आणि अखंड पाणी या सोयींसह तीन रात्रींसाठी २०,४७५ रुपये भरले. एसी तिन्ही रात्री थंड करत नव्हता. पूल तिन्ही दिवस बंद होता. दुसऱ्या रात्री ११ पासून सकाळपर्यंत पाणी नव्हतं. याबद्दल मुक्कामातच काउंटरवर आणि व्हॉट्सअॅपवर तक्रार केली, संदेशाची प्रत सोबत आहे. दुसरी खोली मिळाली नाही. न मिळालेल्या सोयींचा हिशेब खाली दिला असून त्यानुसार १०,९५० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत करावेत. तसं न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करावी लागेल.’

दुसऱ्या खोलीचं वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तरच ठेवा. त्याखाली हिशेबाच्या चार ओळी, सोबत फोटो, बिल, बिनएसी खोलीच्या दराचा स्क्रीनशॉट. ‘फसवणूक’, ‘लूट’, ‘चोर’ हे शब्द टाळा. राग खरा आहे, पण हे पत्र पुढे आयोगासमोर जाईल आणि तिथे ते वाचणारा माणूस तुमचा स्वभावही त्यातून वाचेल.

आणखी एक. ‘पैसे द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो’ असं कुठेही लिहू नका. रिव्ह्यू लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जे घडलं ते तारखांसह, फोटोंसह जरूर लिहा, पुढच्या कुटुंबाला त्याचा उपयोग होईल. पण त्याला सौद्याचं हत्यार केलंत की रिसॉर्टचा वकील तेवढंच वाक्य उचलून तुम्हाला धमकावणारा ठरवतो. परताव्याच्या बदल्यात खरा रिव्ह्यू काढून टाकायची अट घातली, तर मी ती मान्य करू नका असंच सांगेन.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवा. तिथे निकाल देण्याचा अधिकार नाही, ते कंपनीशी मध्यस्थी करतात. मोठ्या ट्रॅव्हल साइट्स बऱ्याचदा या टप्प्यावर हलतात. गावातला एकटा रिसॉर्टवाला क्वचित हलतो. तरी नोंद होते आणि क्रमांक मिळतो.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. इथे लोकांचे गैरसमज खूप आहेत. रिसॉर्ट सिंधुदुर्गात आहे म्हणून ओरोसला खेपा घालाव्या लागतील असं तुम्हाला वाटतंय, पण २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. तुम्ही नाशिकलाच करा. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार मराठीत लिहिता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती तुमच्या मुक्कामापासून मोजली जाते. मध्ये पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती लांबत नाही. ‘बघतो, विचारतो, पुढच्या महिन्यात कळवतो’ यात वर्ष घालवणारी माणसं मी पाहिली आहेत. असं होऊ देऊ नका.

वेळेबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. कायद्यात साध्या तक्रारीसाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जातो. पण नोटीस हातात पडली की अनेक हॉटेलवाले तडजोडीला येतात, कारण तारखांना माणूस आणि वकील पाठवण्याचा त्यांचा खर्च तुमच्या १०,९५० पेक्षा जास्त होतो. शिवाय आयोग दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो, आणि असल्या हिशेबी वादांना ती वाट उत्तम.

आयोगात जाताना मात्र मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा. तो मागायचा तुमचा हक्क आहे. मेहुण्यांचा एक लाखाचा आकडा मला पटत नाही. फी भरलेल्या रकमेवर ठरते, मागितलेल्या रकमेवर नाही, त्यामुळे कागदावर लाख लिहायला काही पडत नाही हे खरं. पण आयोग मनस्तापाची रक्कम मूळ व्यवहार, त्रासाचं स्वरूप आणि समोरच्याचं वागणं पाहून ठरवतो. वीस हजारांच्या मुक्कामावर एक लाख कुणालाच पटत नाही. मी मनस्तापाचे १०,००० आणि खर्चाचे ५,००० लिहायला सांगेन. कुणी आजारी पडलं असतं, घसरून पडलं असतं, खोलीत शॉक लागला असता, तर माझं उत्तर पूर्ण वेगळं असतं. तिथे सोयींचा हिशेब चालत नाही. डॉक्टरची बिलं, बुडालेलं काम आणि पुढचा उपचार यांचा हिशेब लागतो, आणि तिथे वकील घ्यावाच.

पैसे द्यायला ते तयार झाले तर दोन वाक्यं हमखास ऐकू येतील. पहिलं, ‘पुढच्या वेळी या, दोन रात्री फ्री देतो.’ दिवाळी-मेमध्ये ते कूपन चालत नाही, मालक बदलला तर कुणी ओळखत नाही. पैसेच मागा. दुसरं, ‘बिल झालं, जीएसटी भरला, आता सिस्टिममध्ये काही करता येत नाही.’ हे साफ खोटं आहे. सेवेत कमतरता राहिली म्हणून रक्कम कमी करायची तर जीएसटी कायद्यातच क्रेडिट नोटची, म्हणजे आधीच्या बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद काढण्याची, सोय आहे, आणि ती पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत कर-हिशेबात दाखवता येते. पत्राला उत्तर देताना ‘क्रेडिट नोट काढा’ एवढे तीन शब्द लिहिलेत तरी त्यांच्या हिशेबनिसाला कळेल की तुम्हाला माहीत आहे.

आज लगेच करायचं काम म्हणजे त्या तीन दिवसांचे फोटो आणि व्हिडिओ फोनमधून मूळ स्वरूपात दुसरीकडे उतरवून ठेवा. व्हॉट्सअॅपवरून स्वतःलाच पाठवलेली प्रत पुरत नाही, त्यात फाइलची मूळ तारीख-वेळ सहसा उरत नाही. रिसॉर्टशी झालेलं चॅट एक्स्पोर्ट करून ईमेलवर ठेवा, त्यांनी किंवा तुम्ही फोन बदलण्याआधी. साइटवरचं रिसॉर्टचं पान, पूलच्या फोटोसकट, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, कारण तक्रार पोचली की पहिलं ते पानच बदलतं. पत्र उद्या गेलं तरी चालेल.